प्रत्यारोपणाचे औषध आणि वाढणाऱ्या हिरड्या

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या काही औषधांमुळे हिरड्यांची अनावश्यक वाढ होऊ शकते. हा दुष्परिणाम जीवघेणा नाही आणि बहुतेक रुग्णांत तो आटोक्यात ठेवता येतो. मात्र त्याला घाबरून रुग्णाने स्वतःच औषध बंद केल्यास मोठ्या प्रयासाने मिळालेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे हिरड्यांचा हा प्रश्न केवळ दातांच्या दवाखान्यापुरता मर्यादित राहत नाही.

जुनी वस्ती, नवा आजार

छत्तीसगढची राजधानी रायपूर येथील पुरानी बस्ती हा शहराचा जुना भाग. महामाया मंदिर, जैतूसाव मठ, जवळच असलेला बुढा तालाब आणि अरुंद गल्ल्यांतील दाट घरे ही त्याची ओळख. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेमुळे या शहराशी मराठी कुटुंबांचाही जुना संबंध आहे. एकेकाळी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्ण सुमारे 300 किलोमीटर अंतरावरील नागपूरची किंवा त्याहून दूरच्या मुंबईची वाट धरत. 2012 मध्ये रायपूरला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि आता मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया शहरातही होतात.

शस्त्रक्रिया कोठेही झाली तरी रुग्ण अखेर आपल्या वस्तीतच परततो. हिरडी सुजली, रक्त येऊ लागले, तर तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दातांच्या दवाखान्यात जातो किंवा औषधांच्या दुकानातून एखादी गोळी घेतो. त्या ठिकाणी त्याच्या प्रत्यारोपणाची आणि रोजच्या औषधांची माहिती असेलच असे नाही. नेमक्या याच टप्प्यावर किरकोळ वाटणारी तक्रार गंभीर वळण घेऊ शकते. हे चित्र पुरानी बस्तीपुरते नाही. देशातील कोणत्याही गावात किंवा पेठेत ते आढळू शकते.

औषध आयुष्यभराचे का?

शरीराची प्रतिकारयंत्रणा परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला करते. जंतूंच्या बाबतीत हे उपकारक असते. दुसऱ्या व्यक्तीचे मूत्रपिंड बसविल्यावर मात्र हीच यंत्रणा त्या अवयवालाही शत्रू मानते. त्यामुळे ती काही प्रमाणात दडपून ठेवणारी औषधे रुग्णाला दररोज, ठरलेल्या वेळी आणि बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात.

भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण 1971 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. त्या काळी अवयव टिकविण्यासाठी प्रामुख्याने ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांचाच आधार होता. अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण मोठे होते.

हे चित्र सायक्लोस्पोरिन या औषधाने बदलले. स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने 1969 मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा या पठारावरून मातीचा नमुना आणला होता. त्यातील बुरशीपासून हे द्रव्य मिळाले. प्रतिकारशक्ती दडपण्याचा त्याचा गुण 1972 मध्ये प्रयोगशाळेत लक्षात आला. केंब्रिज येथील शल्यविशारद रॉय काल्न यांनी 1978 मध्ये ते मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि 1983 मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. त्यानंतर प्रत्यारोपित अवयव टिकण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले.

त्याच वर्षी, म्हणजे 1983 मध्ये, हे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढत असल्याची निरीक्षणेही वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध होऊ लागली.

हे औषध केवळ प्रत्यारोपणासाठीच वापरले जाते असे नाही. लहान मुलांतील नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा विकार, अस्थिमज्जेचे काम मंदावणारा ॲप्लास्टिक ॲनिमिया, तीव्र सोरायसिस आणि संधिवाताचे काही प्रकार यांतही ते दिले जाते. त्यामुळे हिरड्यांची ही तक्रार अशा रुग्णांतही दिसू शकते.

हिरडीत नेमके काय घडते?

ही वाढ साधारणपणे औषध सुरू झाल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत, अनेकदा तीन महिन्यांच्या सुमारास दिसू लागते. सुरुवात दोन दातांमधील हिरडीच्या त्रिकोणी टोकापासून होते. हे टोक फुगीर होते, शेजारच्या टोकाला जाऊन मिळते आणि हळूहळू हिरडी दातावर चढू लागते. समोरच्या दातांच्या ओठांकडील बाजूस हा परिणाम अधिक दिसतो. वाढ तीव्र असेल तर दाताचा बराचसा भाग हिरडीखाली झाकला जातो.

निरोगी हिरडीत जुने तंतू मोडून काढण्याचे आणि नवे विणण्याचे काम सतत चालू असते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी हा समतोल राखतात. सायक्लोस्पोरिनमुळे जुने तंतू मोडण्याची क्रिया मंदावते. आवक चालू आणि जावक कमी, अशी स्थिती होऊन ऊतींचा साठा वाढत जातो. त्यात दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे होणाऱ्या दाहाची भर पडते. दात नसलेल्या जागी अशी वाढ क्वचितच आढळते. दात आणि त्यावरील जिवाणूंचा थर यांचा या वाढीत मोठा वाटा असल्याचे हे लक्षण आहे.

यातूनच एक दुष्टचक्र तयार होते. हिरडी वाढली की तिच्या कडेखाली अन्नकण अडकतात आणि ब्रश तेथपर्यंत पोहोचत नाही. जिवाणूंचा थर वाढतो, दाह वाढतो, घासताना रक्त येते. रक्त येते म्हणून रुग्ण घासणेच टाळतो आणि हिरडी आणखी वाढते.

धोका कोणाला अधिक?

सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही. निरनिराळ्या अभ्यासांत आकडे वेगवेगळे आहेत. तरी प्रौढांत साधारणपणे 25 ते 30 टक्के आणि मुलांत 70 टक्क्यांहून अधिक असे प्रमाण वैद्यकीय साहित्यात सामान्यतः दिले जाते. मुले आणि किशोरवयीन रुग्ण, औषधाची रक्तातील पातळी जास्त असलेले रुग्ण, दातांची स्वच्छता न राखणारे आणि तोंडाने श्वास घेण्याची सवय असलेले रुग्ण यांच्यात त्रास अधिक दिसतो. आनुवंशिक घडणीचाही त्यात भाग असतो. म्हणूनच एकाच मात्रेवर असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाच्या हिरड्या वाढतात, तर दुसऱ्याच्या नाही.

किशोरवयीन रुग्णांचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. सायक्लोस्पोरिनमुळे चेहऱ्यावर आणि अंगावर केसांची वाढही होते. शाळा-महाविद्यालयाच्या वयात सुजलेल्या हिरड्या आणि चेहऱ्यावरचे केस मुलांना, विशेषतः मुलींना, असह्य वाटू शकतात. या वयातील रुग्णांनी घरच्यांच्या नकळत गोळ्या टाळण्याचा धोका जगभरातील डॉक्टरांना ठाऊक आहे. अशा वेळी मुलाला रागावण्याऐवजी त्याची तक्रार गांभीर्याने ऐकून डॉक्टरांपर्यंत नेणे आवश्यक ठरते.

रक्तदाबाच्या गोळीचा सहभाग

हिरड्या वाढविणारे सायक्लोस्पोरिन हे एकमेव औषध नाही. फेफऱ्यावरील फेनिटॉइन हे औषध 1938 मध्ये वापरात आले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या या दुष्परिणामाची नोंद झाली. निफेडिपिन या रक्तदाबावरील औषधाबाबत अशी निरीक्षणे 1984 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्गातील डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि भारतात मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे ॲम्लोडिपिन यांच्यामुळेही हिरड्या वाढू शकतात. ॲम्लोडिपिनमध्ये हे प्रमाण निफेडिपिनपेक्षा कमी आहे.

प्रत्यारोपणाच्या रुग्णांत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. सायक्लोस्पोरिनमुळे रक्तदाब वाढतो. तो उतरविण्यासाठी अनेकदा याच वर्गातील गोळी दिली जाते. दोन्ही औषधे एकत्र आली की हिरड्यांची वाढ एकट्या सायक्लोस्पोरिनपेक्षा अधिक होऊ शकते. अशा वेळी रक्तदाबासाठी दुसऱ्या वर्गातील औषध देणे शक्य आहे का, याचा विचार डॉक्टर करू शकतात.

हा बदलही रुग्णाने परस्पर करणे धोक्याचे आहे. डिल्टियाझेममुळे सायक्लोस्पोरिनची रक्तातील पातळी वाढते. महागड्या सायक्लोस्पोरिनची मात्रा कमी ठेवता यावी यासाठी भारतात काही ठिकाणी हेतुपुरस्सर ही जोडी वापरली गेली आहे. अशा रुग्णाने हिरड्यांसाठी म्हणून डिल्टियाझेम अचानक सोडले, तर सायक्लोस्पोरिनची पातळी घसरून अवयव नाकारला जाण्याचा धोका निर्माण होतो.

औषध थांबविणे हा उपाय का नव्हे?

भारतात प्रत्यारोपित होणारी बहुतांश मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून मिळतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये संमत झाला, तेव्हापासून जवळच्या नातेवाइकांचे दान हाच त्यातील प्रमुख मार्ग राहिला आहे. या दात्यांत आई आणि पत्नी यांचा वाटा मोठा आहे. दिलेले मूत्रपिंड पुन्हा देता येत नाही. ते निकामी झाल्यास रुग्णाला पुन्हा डायलिसिसवर जावे लागते आणि दुसऱ्या दात्याचा शोध सुरू होतो.

प्रतिकारशक्ती दडपणारे औषध थांबविल्यावर शरीर अवयवावर हल्ला केव्हा सुरू करील, हे सांगता येत नाही. सुरुवातीच्या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही. लघवी व्यवस्थित होत असते, अंगावर सूज नसते. तरीही रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागलेले असते. गोळी सोडून चार दिवस झाले आणि काही बिघडले नाही, या अनुभवावर विसंबणे म्हणूनच घातक ठरते.

उपचारांचा क्रम

पहिली पायरी स्वच्छतेची आहे. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासणे, दातांच्या फटी स्वच्छ करणे आणि दातांवरील कडक झालेला थर दंतवैद्याकडून नियमित काढून घेणे यामुळे दाह आणि त्यावर अवलंबून असलेली सूज कमी होते. काही रुग्णांना मर्यादित काळासाठी क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या सुचविल्या जातात. त्या दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात. स्वच्छतेमुळे वाढ पूर्णपणे नाहीशी होतेच असे नाही, मात्र ती बळावण्यास आळा बसतो आणि पुढील प्रत्येक उपचाराचे यश तिच्यावरच अवलंबून असते.

दुसरी पायरी औषधांच्या फेरविचाराची. रक्तातील सायक्लोस्पोरिनची पातळी तपासून मात्रा गरजेपेक्षा जास्त असल्यास ती कमी करता येते. टॅक्रोलिमस हा दुसरा पर्याय आहे. जपानमधील त्सुकुबा परिसरातील मातीत आढळलेल्या जिवाणूपासून 1984 मध्ये मिळालेले हे औषध सायक्लोस्पोरिनसारखेच काम करते, परंतु हिरड्या वाढविण्याचे त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. गेल्या काही दशकांत मूत्रपिंड प्रत्यारोपणात त्याचाच वापर अधिक होऊ लागल्याने या तक्रारीही घटल्या आहेत. औषध बदलल्यानंतर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत हिरड्या ओसरू शकतात. मात्र टॅक्रोलिमसमुळे हातांना कंप सुटणे, नव्याने मधुमेह जडणे असे त्रास होऊ शकतात. त्यामुळे बदल सरसकट केला जात नाही.

ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या अल्प मुदतीच्या उपचाराने सायक्लोस्पोरिनमुळे वाढलेल्या हिरड्या कमी झाल्याचे 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अनेक ठिकाणी या उपायाचा अनुभव घेण्यात आला. वाढ नवी आणि मऊ असताना त्याचा लाभ अधिक होतो. हृदयाच्या ठोक्यांचा काही विकार असलेल्यांना मात्र हे औषध धोक्याचे ठरू शकते, म्हणून तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याजोगे नाही.

वाढ जुनी, घट्ट आणि दात झाकणारी असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. स्थानिक भूल देऊन अतिरिक्त हिरडी सुरीने किंवा लेझरने काढली जाते. औषध तेच राहिले आणि स्वच्छता सुधारली नाही, तर वर्ष-दीड वर्षात अनेक रुग्णांत ती पुन्हा वाढते.

दंतवैद्याला काय सांगावे?

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने दातांच्या दवाखान्यात बसण्यापूर्वीच आपली सर्व औषधे सांगणे, किंबहुना चिठ्ठीच दाखविणे, अत्यावश्यक आहे. याचे कारण दातदुखीवर नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांत दडलेले आहे.

एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके सायक्लोस्पोरिन तसेच टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी धोकादायकरीत्या वाढवू शकतात. त्याच कुळातील ॲझिथ्रोमायसिनचा असा परिणाम बराच कमी असतो. नावे ऐकायला सारखी असल्याने गफलत होण्याची शक्यता मात्र मोठी आहे. तोंडातील बुरशीच्या संसर्गावर दिले जाणारे फ्लुकोनॅझोलही ही पातळी वाढविते. उलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे ती घसरते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडावर थेट ताण येतो. दातदुखीसाठी दुकानातून घेतलेली साधी गोळीही अशा रुग्णाला महागात पडू शकते.

आहारातील काही गोष्टींनाही हेच लागू पडते. ग्रेपफ्रूट आणि त्याच जातीचे पपनस यांमुळे या औषधांची पातळी वाढू शकते. प्रतिकारशक्ती वाढविणारे म्हणून विकले जाणारे काढे आणि चूर्णे यांचा हेतूच मुळात या उपचाराच्या विरुद्ध असतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या वाटेला न जाणेच योग्य.

हिरडीवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दंतवैद्याने प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधावा, अशी अपेक्षा असते. रक्तदाब आटोक्यात आहे का, प्रतिजैविक आधी द्यावे लागेल का आणि औषध बदलण्याचा विचार चालू आहे का, हे त्यातून स्पष्ट होते. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तातडीच्या नसलेल्या दंतशस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलल्या जातात.

गुडाखू आणि मशेरी

छत्तीसगढमध्ये दातांना गुडाखू लावण्याची सवय व्यापक आहे. तंबाखू आणि गुळाची मळी यांपासून केलेला हा लगदा बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर चोळला जातो. महाराष्ट्रातील मशेरीचीच ही भावंड म्हणता येईल. दात स्वच्छ होतात या समजुतीने वापरल्या जाणाऱ्या या दोन्ही पदार्थांतून हिरड्यांना रोज तंबाखू मिळतो.

प्रतिकारशक्ती दडपलेल्या रुग्णांना काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे सर्वश्रुत आहे. या दोन धोक्यांची बेरीज प्रत्यारोपणाच्या रुग्णाला परवडणारी नाही. सुजलेल्या हिरड्यांना आराम पडावा म्हणून गुडाखू किंवा मशेरी चोळणे तर पूर्णपणे टाळायला हवे.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

औषधामुळे होणारी वाढ सहसा सावकाश, दोन्ही बाजूंना आणि अनेक दातांभोवती होते. याउलट हिरडी एकाच जागी वेगाने वाढली, तिच्यावर न भरणारा व्रण झाला, ती जांभळट दिसू लागली, दात अचानक हलू लागले किंवा सोबत ताप आणि गळ्यात गाठी आल्या, तर तो केवळ औषधाचा दुष्परिणाम मानता येत नाही. रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा आणि इतर काही आजारही हिरडीतून प्रकट होतात. अशा वेळी ऊतीचा तुकडा तपासणीसाठी पाठवावा लागतो.

प्रत्यारोपणापूर्वी दातांची तपासणी करून घेणे आणि त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी ती करीत राहणे, हा या साऱ्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यासाठी दरवेळी मोठ्या रुग्णालयात जाण्याचीही गरज नसते. पुरानी बस्तीतील एखादा लहान दवाखानाही हे काम करू शकतो. अट एवढीच, की रुग्णाच्या खिशात त्याच्या औषधांची यादी असावी, त्यावर प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक असावा आणि काहीही नवे औषध लिहून देण्यापूर्वी तो क्रमांक फिरविला जावा.